बेचाळीस अकरा

पट्टी बघायला बॅटरी लागते आणि थोडी सबूर.
हिंदुराव खाड्यांनी शिकवलं मला, रिटायर व्हायच्या आदल्या महिन्यात:
लाट आली की लिहायचं नाही.
तीन लाटा जाऊ द्यायच्या,
मधल्या पाण्याला मान द्यायचा.
आणि एका हातानं कठडा धरायचा, कायम.
"आकडा पुन्हा घेता येतोय," म्हणायचे,
"घेणारा पुन्हा गावत न्हाई."

राजाराम बंधारा जुलै लागतालागताच बुडाला.
आता वर फक्त पांढरी पट्टी, काळे आकडे,
आणि तासाला एक ओळ वहीत:
रात्री नऊ. बेचाळीस फूट सहा इंच.
दहा. बेचाळीस सात.
अकरा. बेचाळीस नऊ.

पाऊस संध्याकाळीच थांबलाय.
उसाच्या शेंड्यांवर चांदणंसुद्धा पडलंय.
तरी नदी चढते.
खाली कृष्णा तटून बसली
की आमची पंचगंगा पुढं सरकत नाही, फुगते,
समोरचं दार बंद बघून
शेजाऱ्याच्या सोप्यात येऊन बसलेल्या पाहुण्यासारखी.

फोन येतात.
फूट-इंच कुणालाच नको असतात.
आंबेवाडीचा विचारतो, तालमीच्या पायरीला कधी लागंल?
शिरोलीहून ट्रकवाला: हायवे पहाटंपर्यंत चालू ऱ्हाईल का?
सुतारवाड्यातल्या एक बाई रोज एवढंच:
झोपू का?
मी पट्टी मोजून देतो
पायऱ्यांत, टायरांत, झोपेत.

बारा. बेचाळीस अकरा.
तेवढ्यात चिखलीहून केरबा, माझा मावसभाऊ.
दोन म्हशी हलवल्यात, तिसरी गाभण, गोठ्यातच अडली.
मधी छातीभर पाणी.
गुऱ्हाळाची काहील काढलीय, म्हणतो,
तिच्यात बसून जातो, दावं कापतो, येतो.
"त्रेचाळीस झालं का रं? झालं की गाव सोडतो.
न्हाई झालं तर एक फेरी हुतीय."

एक इंच.
अंगठ्याचं एक पेर.
पेन माझ्या हातात, वर कुणी नाही,
चांदणं आणि बेडूक सोडले तर.
त्रेचाळीस लिहिलं की भोंगा वाजेल,
तलाठी उठेल, केरबा निघेल.

पण ह्याच ओळीवर खाली इचलकरंजी जागी आहे,
शिरोळ जागं आहे.
आज एक इंच उधार घेतला
तर उद्याचा खरा आकडा कुणाच्या दारात उभा करू?

लिहिलं: बेचाळीस अकरा.
मग फोन उचलला.
"केरबा, आकडा सरकारचा झाला, आता माझं ऐक.
काहिलीला ना टोक ना वल्हं,
गूळ आटवायचं भांडं ते, धारेत गरागरा फिरतंय.
दस्तगीर बोट घेऊन शाळंपाशी हाय.
जॅकेट घाल. पट्टे आवळ. मधी बस, कडंला न्हाई.
म्हशीला पोहता येतंय.
तुला येत हुतं, वीस वर्सामागं."

पलीकडं बराच वेळ नुसतं पाणी वाजत राहिलं.
मग म्हणाला, "जॅकेट पोटाला बसत न्हाई."
"श्वास आत घे."

एक. त्रेचाळीस फूट.
भोंगा.

काहील आठवड्यानं सापडली,
बाभळीच्या बेचक्यात, पालथी,
बुडाला केवढा तरी पोचा.
केरबानं कुणीतरी कापून ठेवलेलं दावं दाखवलं;
कुणी कापलं ते दस्तगीर सांगत नाही.
म्हैस वडणग्याच्या रस्त्यावर उभी होती,
रवंथ करत, कुणाची वाट न बघता.

आता मार्च.
पोरं बंधाऱ्यावरून उड्या टाकतात,
मी ओरडतो: तिथं नको, खाली दगड हाय!
ब्रशनं पट्टीवरचं शेवाळ खरवडतो, आकडे रंगवतो.
बेचाळीस आणि त्रेचाळीसच्या मधली एक रेघ
जरा जाड आली हातून.
हिंदुरावांना सांगितलं.
हसले. म्हणाले, पुसून टाक.

पुसली.